भाजलेल्या रुग्णाला कातडं लावायचं म्हणजे नेमकं काय? स्किन ग्राफ्टिंगचे पर्याय आणि घरच्यांनी घ्यायची काळजी, सविस्तर माहिती

आंघोळीच्या पाण्याचं पातेलं अंगावर कलंडतं, स्टोव्हचा भडका उडतो, गुऱ्हाळात काहिलीतला उकळता रस अंगावर उडतो, शेतातली मोटार चालू करताना शॉक बसतो. गावाकडे भाजण्याची कारणं हीच असतात. रुग्णाला तालुक्याच्या आणि तिथून जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवलं जातं. सलाईन लागतं, ड्रेसिंग सुरू होतं. काही दिवसांनी डॉक्टर नातेवाइकांना बोलावून सांगतात, "जखम खोल आहे. कातडं लावावं लागेल. सही करा."

इथेच बहुतेक घरं गोंधळतात. चांगल्या मांडीचं कातडं कशाला काढायचं? भावाचं किंवा आईचं कातडं चालणार नाही का? अजून पंधरा दिवस ड्रेसिंग करून बघितलं तर? खर्च किती येईल? या विचारात आठवडे जातात आणि नुकसान रुग्णाचं होतं. म्हणून स्किन ग्राफ्टिंग, म्हणजेच त्वचारोपण, काय असतं, त्याचे पर्याय कोणते, कोणता कायमचा आणि कोणता तात्पुरता, याची ही माहिती.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात ठेवावी. खोल भाजलेल्या जखमेवर कायमचं टिकतं ते रुग्णाचं स्वतःचंच कातडं. बाकीचे बहुतेक पर्याय ते लावेपर्यंत जीव आणि जखम सांभाळण्यासाठी किंवा ते नीट बसावं यासाठी असतात.

कातडं लावण्याची गरज का पडते?

आपल्या कातड्याचे दोन मुख्य थर असतात. वरचा थर अगदी पातळ. खालचा जाड, त्यात केसांची मुळं, घामाच्या ग्रंथी, रक्तवाहिन्या आणि नसा. वरचा थर जळाला तर केसांच्या मुळांपासून आणि ग्रंथींपासून नवीन कातडं फुटून येतं. म्हणून चहा सांडून हात लाल झाला, फोड आला, तरी तो आठ-पंधरा दिवसांत बरा होतो.

पण खालचा थरही पूर्ण जळाला तर नवीन कातडं फुटायला मूळच उरत नाही. अशी जखम फक्त कडेकडेने आत आकसत येते. रुपयाएवढी जखम अशी भरेल. छाती, पाठ किंवा पूर्ण हात असा भरत नाही.

खोल भाजल्याची खूण घरच्यांना अनेकदा कळत नाही, कारण ती उलटी असते. वरवर भाजलेलं लाल दिसतं आणि खूप दुखतं. खोल भाजलेलं पांढरं, तपकिरी किंवा काळं दिसतं, चामड्यासारखं कडक लागतं आणि तिथे दुखत नाही, कारण नसाही जळालेल्या असतात. "दुखत नाही म्हणतोय, म्हणजे फार नाही" हा समज त्यामुळे चुकीचा आहे.

टक्के म्हणजे काय?

डॉक्टर "तीस टक्के भाजलंय" म्हणतात, तेव्हा शरीराच्या एकूण कातड्यापैकी किती भाग भाजला ते सांगत असतात. रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे साधारण १ टक्का. मोठ्या माणसात एक पूर्ण हात ९ टक्के, एक पूर्ण पाय १८ टक्के, पोट आणि छातीची पुढची बाजू १८ टक्के, पूर्ण पाठ १८ टक्के आणि डोकं-चेहरा मिळून ९ टक्के धरतात. लहान मुलांत डोक्याचा वाटा जास्त आणि पायांचा कमी असतो.

मात्र टक्क्यांवरून सगळं ठरत नाही. किती भाजलं तेवढंच किती खोल भाजलं तेही महत्त्वाचं. हाताचा पंजा, चेहरा, मान, सांधे किंवा गुप्तांग भाजलं असेल तर टक्के कमी असले तरी मोठ्या दवाखान्यात दाखवलं पाहिजे.

"अजून थोडे दिवस बघू" यात धोका काय?

साधारण तीन आठवड्यांत जी जखम भरणार नाही असं दिसतं, तिला कातडं लावणं चांगलं, असं डॉक्टर मानतात. खोल जखम उघडी राहिली की तीन गोष्टी होतात.

पहिली, जंतुसंसर्ग. जळालेलं मेलेलं कातडं जंतूंसाठी खाद्यच असतं. तिथून जंतू रक्तात गेले तर जीवावर बेतू शकतं.

दुसरी, शरीराची झीज. उघड्या जखमेतून पाणी, प्रथिनं आणि ऊब सतत बाहेर जाते. रुग्ण दिवसेंदिवस खंगतो.

तिसरी, आखडणं. कशीबशी भरलेली जखम जाड, ताठ वण तयार करते आणि सांधा ओढून घेते. हनुवटी छातीला चिकटते, बोटं मुडपतात, काखेतून हात वर होत नाही. पुढे भाकरी थापणं, विळा धरणं, डोक्यावर घागर घेणं, शाळेत लिहिणं, सगळंच अडतं.

पूर्वी जळालेलं कातडं आपोआप सुटून पडेपर्यंत थांबत असत. १९७० साली स्लोव्हेनियातल्या मारिबोर शहरातल्या डॉ. झोरा यांझेकोविच यांनी दाखवून दिलं की जळालेला थर पहिल्या काही दिवसांतच पातळ-पातळ सोलून काढला आणि लगेच स्वतःचं कातडं लावलं तर रुग्ण लवकर बरा होतो आणि व्यंगही कमी राहतं. आज जगभर हीच दिशा आहे. रुग्णाची तब्येत साथ देत असेल आणि सोय असेल तर डॉक्टर पहिल्या आठवड्याच्या आसपासच ऑपरेशन करायचं बघतात.

पर्याय १: स्वतःचं पातळ कातडं

भाजलेल्या रुग्णांत सगळ्यात जास्त वापरला जाणारा हा पर्याय. न भाजलेल्या जागेवरून, बहुतेक वेळा मांडीवरून, कातड्याचा वरचा पातळ पापुद्रा विशेष सुरीने किंवा मशीनने काढतात. कातडं पूर्ण सोलत नाहीत. खालचा थर तिथेच राहतो, त्यामुळे मांडीची जखम साधारण १० ते १४ दिवसांत आपोआप भरते. भाजलेला भाग मोठा असेल तर भरलेल्या त्याच जागेवरून पुन्हा कातडं घेता येतं.

"चांगली मांडी खराब करतील" ही भीती इथे निघायला हवी. मांडी दुखते हे खरं. पुष्कळ रुग्णांना लावलेल्या जागेपेक्षा काढलेली जागाच जास्त ठणकते. तिथे रंगात फरक राहू शकतो. पण पायाची ताकद जात नाही, चालणं अडत नाही.

कातडं थोडं आणि जखम मोठी असेल तर काढलेला पापुद्रा एका यंत्रातून काढून त्याला बारीक चिरा पाडतात. मग तो जाळीसारखा ताणला जातो आणि दीडपट, तिप्पट किंवा त्याहून जास्त जागा झाकतो. जाळीच्या भोकांतून खालचं पाणी-रक्त निघून जातं, हा आणखी फायदा. भोकं काही दिवसांत भरतात, पण जाळीची नक्षी कायम दिसते. म्हणून चेहरा आणि हाताच्या पंजावर शक्यतो जाळी न पाडता अखंड तुकडा लावतात.

पर्याय २: पूर्ण जाडीचं कातडं

यात कातड्याचे दोन्ही थर घेतात. कानामागून, जांघेतून किंवा गळ्याच्या खालच्या बाजूने छोटा तुकडा काढतात आणि ती जागा टाके घालून बंद करतात. असं कातडं दिसायला चांगलं, रंगाला जुळणारं आणि कमी आकसणारं असतं. पापण्या, ओठ, बोटं अशा जागांसाठी ते वापरतात. पण तुकडा लहानच मिळतो, म्हणून मोठ्या जखमेला उपयोग नाही. आखडलेला वण पुढे मोकळा करताना याचा जास्त उपयोग होतो.

पर्याय ३: फ्लॅप, म्हणजे रक्तपुरवठ्यासकट सरकवलेलं कातडं

ग्राफ्ट जगतो तो खालच्या जिवंत मांसावर. उघडं हाड किंवा उघडी शीर असेल तर त्यावर पातळ कातडं धरत नाही. शेतातल्या मोटारीचा किंवा हाय टेन्शन तारेचा शॉक बसलेल्या रुग्णांत हे नेहमी दिसतं. वरून जखम छोटी, पण करंट आतून स्नायू जाळत गेलेला असतो. अशा वेळी शेजारचं किंवा दुसऱ्या जागेचं कातडं खालच्या चरबी-मांसासकट, रक्तवाहिनी शाबूत ठेवून वळवून लावतात.

ही कला आपल्याकडे जुनी आहे. पुण्याजवळ एका वीट बनवणाऱ्या कारागिराने कावसजी नावाच्या मराठा बैल हाकणाऱ्याचं कापलेलं नाक कपाळाच्या कातड्यातून पुन्हा तयार केलं होतं. त्याची हकिकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि युरोपातल्या डॉक्टरांचं लक्ष या पद्धतीकडे गेलं.

आई-वडील, भाऊ, बायको यांचं कातडं चालतं का?

हा प्रश्न प्रत्येक वॉर्डात विचारला जातो. उत्तर: कायमचं नाही. दुसऱ्याचं कातडं, मग ते सख्ख्या भावाचं असो, शरीर परकं समजतं आणि काही दिवसांत गाळून टाकतं. एकाच गर्भातून झालेली हुबेहूब जुळी भावंडं एवढाच अपवाद.

हे शास्त्रही भाजलेल्या रुग्णावरच कळलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात भाजलेल्या एका तरुणीला तिच्या भावाचं कातडं लावलं होतं. ते गळालं. पुन्हा भावाचंच लावलं, तर ते पहिल्यापेक्षा लवकर गळालं. शरीर परकं कातडं लक्षात ठेवतं, हे डॉ. थॉमस गिब्सन आणि शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९४३ साली मांडलं. या विषयावरच्या पुढच्या कामासाठी मेडावर यांना १९६० साली नोबेल पुरस्कार मिळाला.

म्हणून घरच्यांनी कातडं द्यायची घाई करू नये. घरच्यांनी द्यायचं ते रक्त. ऑपरेशनमध्ये रक्त बरंच जातं, त्यामुळे रक्ताची सोय आधी करून ठेवायला सांगतात.

पर्याय ४: दान केलेली त्वचा

परकं कातडं गळून पडतं, मग त्वचादान कशासाठी? कारण ते गळेपर्यंतचे दोन-तीन आठवडे रुग्णासाठी फार मोलाचे असतात. समजा कोणी ५० टक्के भाजला. एवढ्या जागेसाठी स्वतःचं कातडं एकदम मिळणार नाही, आणि रुग्ण इतका अशक्त की मोठं ऑपरेशन सोसणार नाही. अशा वेळी त्वचा बँकेतलं कातडं जखमेवर लावतात. जखम झाकली जाते, दुखणं कमी होतं, पाणी आणि प्रथिनं वाया जायची थांबतात, जंतूंना वाट राहत नाही. रुग्ण सावरतो, आणि मग टप्प्याटप्प्याने त्याचं स्वतःचं कातडं लावता येतं.

२००० साली मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने त्वचा बँक सुरू झाली. नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही त्वचा बँक आहे. राज्यात पुणे, नाशिक, नागपूर इथेही त्वचा बँका निघाल्या. तरीही भाजलेले रुग्ण जास्त आणि दाते कमी, अशी स्थिती आहे.

पर्याय ५: तात्पुरती झाकणं

कोलॅजन शीट: जनावरांच्या कातडी-ऊतींतल्या प्रथिनापासून केलेला पातळ पडदा. वरवर भाजलेल्या स्वच्छ जखमेवर चिकटवतात. रोजचं ड्रेसिंग टळतं, जखम भरली की तो सुकून सुटतो. खोल जखमेला याचा उपयोग नाही.

वारेचा पडदा: बाळंतपणात वारेबरोबर येणारा पातळ पडदा तपासून, निर्जंतुक करून वापरतात.

डुकराचं कातडं: प्रक्रिया केलेलं हे कातडं काही देशांत तात्पुरतं झाकण म्हणून वापरतात. कोणत्याही प्राण्यापासून केलेली वस्तू रुग्णाला चालणार नसेल तर तसं डॉक्टरांना आधीच सांगावं.

बटाट्याची साल आणि केळीचं पान: वाचून नवल वाटेल, पण मुंबईत डॉ. एम. एच. केसवानी यांनी १९८५ साली उकडलेल्या बटाट्याच्या सालीचं ड्रेसिंग वापरल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरून बघितलं. महागडी ड्रेसिंग परवडत नाहीत म्हणून शोधलेले हे उपाय. साल किंवा पान जखमेला चिकटत नाही, म्हणून काढताना दुखत नाही. मात्र ते दवाखान्यात निर्जंतुक करून वापरलं गेलं होतं. घरातली साल किंवा परसातलं पान जखमेवर लावायचं नाही.

पर्याय ६: कृत्रिम थर आणि प्रयोगशाळेत वाढवलेलं कातडं

कातड्याचा खालचा जाड थर गेला तर त्या जागी बसवायचा कृत्रिम थर १९८१ च्या सुमारास अमेरिकेत बॉस्टनमध्ये डॉ. जॉन बर्क आणि इओनिस यानास यांनी तयार केला. तो जनावराच्या कोलॅजनचा आणि शार्क माशापासून मिळणाऱ्या घटकाचा असतो, वरून सिलिकॉनचा पापुद्रा. साधारण तीन आठवड्यांत रुग्णाच्या रक्तवाहिन्या त्यात शिरतात. मग वरचा पापुद्रा काढून त्यावर रुग्णाचं अगदी पातळ कातडं लावतात. कातडं कमी आखडतं, पण खर्च मोठा आणि जंतुसंसर्ग झाला तर सगळं वाया जातं.

दुसरा मार्ग म्हणजे रुग्णाच्या कातड्याचा छोटा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवणं. १९८० च्या दशकात ९५ टक्क्यांहून जास्त भाजलेल्या दोन लहान भावांना अमेरिकेत असं वाढवलेलं कातडं लावून वाचवलं गेलं. पण ते वाढायला साधारण तीन आठवडे लागतात, ते फार नाजूक असतं आणि फार महाग पडतं. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. फियोना वूड यांनी पेशी जखमेवर फवारण्याचं तंत्र पुढे आणलं. २००२ च्या बाली बॉम्बस्फोटात भाजलेल्यांवर ते वापरलं गेलं.

हे पर्याय ठरावीक मोठ्या केंद्रांतच असतात. ते मिळाले नाहीत म्हणून रुग्णावर उपचार झाले नाहीत असं समजू नये. बहुतेक रुग्ण पहिल्या पर्यायानेच बरे होतात.

ऑपरेशनच्या दिवशी काय होतं?

भूल देतात. जळालेला थर खरवडून काढतात, खालून ताजं रक्त दिसेपर्यंत. मग मांडीवरून पापुद्रा काढून जखमेवर पसरतात, स्टेपल, टाके किंवा चिकट द्रावाने बसवतात आणि वर जाड ड्रेसिंग बांधतात. सांध्यावर असेल तर आधाराची पट्टी, म्हणजे स्प्लिंट लावतात. भाग मोठा असेल तर सगळं एकाच दिवशी होत नाही. दोन-तीन वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ऑपरेशन लागतं. "पुन्हा नेलं म्हणजे पहिलं फसलं" असं लगेच समजू नये.

रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर संमतीची सही त्याचीच किंवा तिचीच असते. सासर-माहेरचं बोलणं होईपर्यंत सुनेचं ऑपरेशन अडवून ठेवायची गरज नाही. भाजल्याच्या घटनेची नोंद दवाखाना पोलिसांकडे देतो. ती कायद्याची नेहमीची पद्धत आहे, त्यासाठी उपचार थांबत नाहीत. त्या भीतीने दवाखाना टाळू नये.

पहिले पाच-सात दिवस सगळ्यात नाजूक

आंब्याचं कलम बांधल्यावर ते हलू देत नाहीत, तसंच इथेही. पहिले दोन दिवस लावलेलं कातडं खालच्या पाझरावर तग धरतं. मग बारीक रक्तवाहिन्या जोडायला लागतात. पाचव्या-सातव्या दिवसापर्यंत रक्त खेळू लागतं. कातडं "धरलं" म्हणतात ते हेच. पहिलं ड्रेसिंग बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या दिवशी उघडतात.

कातडं न धरण्याची मुख्य कारणं तीन: खाली रक्त किंवा पाणी साठणं, जंतुसंसर्ग, आणि घासणं-सरकणं. म्हणून या दिवसांत तो अवयव हलवू नये, त्यावर भार देऊ नये, ड्रेसिंग उचकटून बघू नये. भेटायला येणाऱ्यांची गर्दी टाळावी. जवळ राहणाऱ्याने हात साबणाने धुवावेत. तंबाखू, विडी, मिसरी बंद ठेवावी, कारण तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. साखरेचा आजार असेल तर साखर ताब्यात हवी.

सगळं नीट करूनही कधी थोडा भाग धरत नाही. छोटा असेल तर ड्रेसिंगने भरतो, मोठा असेल तर पुन्हा लावतात.

खाण्याचं पथ्य: उलटं करू नका

"अंडी, भात, डाळ खाल्ली की जखम चिघळते" या समजापायी रुग्णाला पेजेवर ठेवलं जातं. नवीन कातडं धरायला शरीराला प्रथिनं लागतात. अंडी, डाळ-उसळी, दूध, दही, पनीर, शेंगदाणे, चालत असेल तर मासे-मटण, सोबत फळं आणि पालेभाज्या, हे सगळं द्यावं. रुग्णाला एकदम जात नसेल तर थोडं-थोडं पण वारंवार द्यावं. मूत्रपिंडाचा किंवा साखरेचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारावं.

घरी आल्यावरचं वर्ष

डिस्चार्ज मिळाला म्हणजे संपलं, असं वाटतं. पण हात चालेल की आखडेल, हे पुढच्या वर्षभरात ठरतं.

• व्यायाम: डॉक्टर सांगतील तेव्हापासून रोज, ठरलेल्या वेळा. सांधा पूर्ण सरळ आणि पूर्ण वाकवायचा. दुखतं म्हणून सोडला की आखडतो.

• झोपण्याची पद्धत: रुग्णाला जी अवस्था आरामाची वाटते, त्यातच सांधा आखडतो. मान भाजली असेल तर उशी घ्यायची नाही. काख भाजली असेल तर हात अंगापासून लांब ठेवायचा. स्प्लिंट सांगितलं तितके तास लावायचं.

• घट्ट कपडे: प्रेशर गारमेंट म्हणजे मापाने शिवलेले घट्ट कपडे. वण जाड होऊ नये म्हणून ते दिवसात सुमारे २३ तास, अनेक महिने घालावे लागतात. उन्हाळ्यात नकोसे होतात, पण सोडू नयेत. सैल पडले की बदलून घ्यावेत.

• तेल: लावलेल्या कातड्यात तेलाच्या ग्रंथी जवळजवळ नसतात, ते कोरडं पडतं, फुटतं, खाजतं. जखम पूर्ण भरल्यावर खोबरेल तेल किंवा डॉक्टरांनी दिलेलं मलम दिवसातून दोन-तीनदा हलक्या हाताने चोळावं. खाज फार असेल तर गोळ्या मिळतात. नखं कापलेली ठेवावीत.

• ऊन आणि घाम: नवीन कातडं उन्हात काळवंडतं आणि त्या जागी घामही नीट येत नाही. भाग मोठा असेल तर शेतात दुपारचं काम अंगावर येऊ शकतं. सकाळ-संध्याकाळ काम, पूर्ण बाह्या, रुमाल आणि भरपूर पाणी.

• लहान मुलं: मूल वाढतं, पण वण तेवढा वाढत नाही. म्हणून काही वर्षांनी सांधा मोकळा करायचं ऑपरेशन लागू शकतं. मोठं होईपर्यंत तपासणी सुरू ठेवावी.

आधीच आखडलेली मान किंवा बोटं असतील, भाजून पाच-दहा वर्षं झाली असतील, तरी प्लास्टिक सर्जनला दाखवावं. वण मोकळा करून नवीन कातडं लावता येतं. "आता काय उपयोग" म्हणून घरात बसू नये.

खर्चाचं काय?

भाजलेल्या रुग्णांवरचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहेत. या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटावं. योजनेत असलेली रुग्णालयं विचारण्यासाठी हेल्पलाइन १५५३८८. प्रत्येक योजनेतल्या रुग्णालयात भाजलेल्यांचा वॉर्ड आणि प्लास्टिक सर्जन असतोच असं नाही, म्हणून "कातडं लावायची सोय आहे का" हे आधीच विचारावं. ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांवर खासगी रुग्णालयांनीही विनामूल्य प्रथमोपचार करणं कायद्याने बंधनकारक आहे.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

१. किती टक्के भाजलं आहे आणि त्यातलं खोल किती?
२. कातडं लावावं लागेल का? लागणार असेल तर कधी?
३. ते इथे होईल का, की मोठ्या केंद्रात न्यायचं? न्यायचं तर केव्हा?
४. कातडं कुठून घेणार? किती वेळा ऑपरेशन लागेल?
५. रक्ताच्या किती पिशव्या लागतील?
६. त्वचा बँकेतल्या कातड्याची गरज आहे का?
७. फिजिओथेरपी आणि घट्ट कपड्यांची सोय कुठे होईल?

त्वचादान कसं करतात?

मृत्यूनंतर ६ तासांच्या आत त्वचादान होऊ शकतं. दाता १८ वर्षांवरचा असावा, वयाची वरची मर्यादा सहसा आड येत नाही. रक्तगट जुळावा लागत नाही. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, कातड्याचा कॅन्सर किंवा अंगभर जंतुसंसर्ग असेल तर त्वचा घेत नाहीत.

नातेवाइकांनी कळवलं की त्वचा बँकेची टीम घरी किंवा दवाखान्यात येते. मांड्या, पाय आणि पाठीवरून फक्त वरचा पातळ पापुद्रा घेतात. पाऊण तासाच्या आसपास काम होतं. रक्त वाहत नाही, देह विद्रूप होत नाही. पट्टी बांधून देह परत दिला जातो आणि अंत्यविधी नेहमीसारखा करता येतो. नेत्रदानही सोबत करता येतं. घेतलेली त्वचा तपासून, ग्लिसरॉलमध्ये थंड ठेवून पाच वर्षांपर्यंत वापरता येते.

अडचण अंतराची असते. त्वचा बँक शहरात, गाव लांब आणि हातात सहाच तास. म्हणून इच्छा असेल तर घरच्यांना आत्ताच सांगून ठेवावं आणि जवळच्या त्वचा बँकेचा नंबर मोबाइलमध्ये ठेवावा. अवयव आणि ऊतीदानाची देशभराची मोफत हेल्पलाइन १८००-११-४७७० आहे.

भाजल्याबरोबर काय करायचं?

जखम जितकी कमी खोल, तितकी कातडं लावायची गरज कमी. म्हणून पहिली काही मिनिटं महत्त्वाची.

• आग विझवा. करंट असेल तर आधी मेन स्विच बंद करा, मगच माणसाला हात लावा.
• भाजलेल्या भागावर २० मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. बर्फ नको. लहान मूल किंवा मोठा भाग असेल तर बाकीचं अंग उबदार ठेवा.
• बांगड्या, अंगठ्या, जोडवी, करदोटा लगेच काढा. नंतर सूज येऊन निघत नाहीत. चिकटलेला कपडा ओढू नका.
• टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, शेण, अंडं, चुना काहीही लावू नका. त्याने जंतू जातात आणि जखम किती खोल ते डॉक्टरांना दिसत नाही.
• फोड फोडू नका. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाने झाका.
• १०८ ला फोन करा. मोठ्या माणसाला १५ टक्क्यांपेक्षा जास्त, लहान मुलाला १० टक्क्यांपेक्षा जास्त भाजलं असेल, किंवा शॉक, ॲसिड, बंद खोलीतला धूर असं काही असेल तर थेट मोठ्या दवाखान्यात.

थोडक्यात

कायमचं कातडं रुग्णाचं स्वतःचंच. दान केलेली त्वचा आणि तात्पुरती झाकणं वेळ मिळवून देतात. तो वेळ घरच्यांनी निर्णय लांबवण्यात घालवू नये. डॉक्टरांनी "कातडं लावू" सांगितलं तर शंका त्याच दिवशी विचारून घ्याव्यात आणि निर्णय करावा. घरी आल्यावर वर्षभर व्यायाम, तेल आणि घट्ट कपडे सोडू नयेत. भाजलेला हात पुन्हा कामाला लागावा, यासाठीच हे सगळं असतं.